चाचणी रुग्णाची, बचत व्यवस्थापनाची

रुग्णालयाच्या दारात आलेल्या माणसाला काय होत आहे हे पुरते विचारण्यापूर्वीच त्याचे रक्त काढून घेण्याची रीत आता बहुतेक ठिकाणी रुळली आहे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेला हमाल असो, मोतीबिंदू काढून घ्यायला आलेली म्हातारी असो, वा माहेरी बाळंतपणाला आलेली पहिलटकरीण असो. 'व्हायरल मार्कर' या भारदस्त नावाखाली एच.आय.व्ही., कावीळ ब आणि कावीळ क या तीन विषाणूंची तपासणी झाल्यावाचून पुढचे पान उलटत नाही. यांपैकी कुठल्याही रोगाचे एकही लक्षण त्या माणसात नसते. तो त्यासाठी आलेलाही नसतो. केसपेपराबरोबर पुढे सरकवलेल्या चार-पाच छापील कागदांवर तो सही करतो किंवा अंगठा उठवतो. त्यांतला एखादा कागद या तपासणीच्या संमतीचा असलाच, तर तो वाचून दाखवण्याची सवड कोणाला नसते. खासगी रुग्णालयात तपासणीचे पैसे मात्र त्याच्याच बिलात न चुकता चढतात.

या रीतीचे समर्थन एका वाक्यात केले जाते: 'आमच्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी.' कर्मचाऱ्यांचे वेतन, रजा, रिक्त पदे यांविषयी ज्यांच्या तोंडून वर्षानुवर्षे शब्द फुटत नाही, त्या व्यवस्थापनांना नेमका याच एका ठिकाणी कर्मचाऱ्यांचा कळवळा यावा, ही गोष्ट एरवीही सावध करण्याजोगी आहे. परंतु अधिक चिंतेची बाब निराळीच आहे. हेच वाक्य आता कामगारांच्या बैठकांतूनही ऐकू येऊ लागले आहे. 'कोणता पेशंट पॉझिटिव्ह आहे हे आमच्या माणसांना कळलेच पाहिजे, दाखल करतानाच सगळ्यांची टेस्ट करा,' ही मागणी प्रामाणिक कार्यकर्ते करतात, आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या परिचारिकेची, आयाबाईची, सफाई कामगाराची भीती मुळीच खोटी नाही. जी बाई रोज दुसऱ्याच्या रक्ताने भिजलेल्या चादरी उचलते तिने भिऊ नये, असे सांगण्याचा अधिकार वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या कोणालाही नाही. तथापि भीती खरी आहे एवढ्याने तिच्यावर सुचवलेला उपाय खरा ठरत नाही. दाखल होणाऱ्या प्रत्येकाची सरसकट तपासणी हा कामगाराच्या संरक्षणाचा मार्ग आहे, हा समज चळवळीने मनातून काढून टाकला पाहिजे. तो मालकाच्या सोयीचा मार्ग आहे, आणि त्याचा खर्च गरीब रुग्ण सोसतो.

प्रथम या तपासणीला काय दिसते आणि काय दिसत नाही ते पाहू. एच.आय.व्ही.ची नित्याची चाचणी रक्तातला विषाणू शोधत नाही. त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये ती प्रामुख्याने शोधते. लागण झाल्यापासून ही प्रतिद्रव्ये पुरेशी तयार होईपर्यंत काही आठवडे जातात, कधी तीन महिनेही लागू शकतात. डॉक्टर मंडळी या अवधीला 'विंडो पीरियड' म्हणतात. या अवधीत तपासणी 'निगेटिव्ह' येते, आणि नेमक्या याच सुरुवातीच्या दिवसांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण अतिशय मोठे असते. उलटपक्षी, ज्याला आपली लागण ठाऊक आहे, जो वर्षानुवर्षे सरकारी केंद्रातून गोळ्या नेऊन नियमाने घेतो, त्याच्या रक्तात हा विषाणू मोजता येणार नाही इतका क्षीण झालेला असू शकतो. म्हणजे दारावरची ही तपासणी सर्वांत धोक्याच्या रुग्णाला बिनधोक असल्याचा शिक्का देऊन आत सोडते, आणि तुलनेने सर्वांत कमी धोक्याच्या माणसाला अडवून ठेवते. अशा शिक्क्यावर विसंबून एखाद्या परिचारिकेने हातमोजे काढून ठेवले, तर तिच्या जिवाशी खेळ कोणी केला?

दुसरे असे की रुग्णालयात सर्वाधिक रक्त सांडते ते अपघात विभागात. रस्त्यावर चिरडलेला, यंत्रात हात सापडलेला, विळ्याने कापलेला माणूस तेथे येतो तेव्हा त्याच्या चाचणीच्या अहवालाची वाट पाहण्यास वेळ नसतो. प्रसूतिगृहातही रात्री दोन वाजता वेणा सुरू झालेली स्त्री अहवाल हातात घेऊन येत नाही. जेथे धोका सर्वांत जास्त तेथे तपासणी अशक्य, आणि जेथे महिनाभर आधी ठरवलेली, निवांत, कोरडी शस्त्रक्रिया व्हायची तेथे तपासणी सक्तीची. असल्या व्यवस्थेला सुरक्षिततेची व्यवस्था म्हणणे कठीण आहे.

अंकगणितही या तपासणीच्या बाजूचे नाही. भारतात प्रौढांमध्ये एच.आय.व्ही.चे प्रमाण हजारी सुमारे दोन आहे. समजा, एक लाख प्रौढ रुग्ण दाखल झाले. त्यांत लागण झालेले सुमारे दोनशे असतील. वापरलेली चाचणी चांगल्यापैकी आहे आणि हजार निरोगी माणसांमागे पाचांनाच ती चुकून दोषी ठरवते असे धरले, तरी उरलेल्या नव्व्याण्णव हजार आठशे माणसांमध्ये सुमारे पाचशे निरपराध सापडतील. 'पॉझिटिव्ह' ठरलेल्या सातशेंपैकी पाचशे जण असे, की ज्यांना काहीही झालेले नाही! हा दोष चाचणी बनवणाऱ्याचा नाही. जेथे रोग विरळ तेथे सरसकट शोध घेतला की असेच घडते. म्हणूनच लक्षणे नसलेल्या माणसाला एच.आय.व्ही. बाधित ठरवण्यापूर्वी निरनिराळ्या तीन चाचण्या जुळल्या पाहिजेत, असा राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा दंडक आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी घाईघाईने केलेल्या एका झटपट चाचणीवर दुसऱ्या दिवशीच्या यादीतून नाव खोडणाऱ्यांना हा दंडक माहीत नसतो असे नव्हे. तो पाळायला वेळ लागतो, आणि समुपदेशक नेमावा लागतो.

आता ज्या कामगाराच्या नावाने हे सारे चालते त्याच्याकडे वळावे. रुग्णालयात सुई टोचते कोणाला? शल्यचिकित्सकाला टोचते, परिचारिकेला टोचते. परंतु एक मोठा वर्ग असा आहे की ज्याचा रुग्णाशी थेट संबंधच येत नाही. कचऱ्याची पिशवी उचलणारा, मोरी धुणारा, धुलाईघरात कपडे मोजून घेणारा, कचऱ्याच्या गाडीवर चढून पिशव्या दाबणारा हा तो वर्ग होय. बहुतेक ठिकाणी तो आता कंत्राटी आहे. ठेकेदार बदलला की त्याची नोकरी नव्याने सुरू होते, आणि हजेरीपटावर त्याचे नाव असले तरी रुग्णालयाच्या आस्थापना विभागाच्या लेखी तो अस्तित्वातच नसतो. पिवळ्या पिशवीत चुकीने टाकलेली सुई त्याच्या मांडीत घुसते तेव्हा ती सुई कोणत्या खाटेवरच्या रुग्णाची होती हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सर्व रुग्णांचे अहवाल कपाटात नीट लावून ठेवलेले असले तरी त्या सुईवर नाव लिहिलेले नसते. सरसकट तपासणीच्या समर्थकांनी या एका सुईचे उत्तर द्यावे.

या सुईने काय होऊ शकते, याचे आकडे वैद्यकाला ठाऊक आहेत. एच.आय.व्ही. बाधित रक्ताची सुई टोचल्यास लागण होण्याचा संभव हजारात सुमारे तीन. कावीळ क चा त्याहून अधिक धरला जातो, पण तोही शंभरात दोनहून कमीच. कावीळ ब चा मात्र, लस न घेतलेल्या माणसाच्या बाबतीत, शंभरात सहापासून तीसपर्यंत. रुग्णालयाच्या मोरीशी काम करणाऱ्याला ज्याची सर्वांत जास्त भीती वाटते तो विषाणू या रीतीने लागण्यात सर्वांत मागे आहे, आणि ज्याचे नावही त्याने क्वचित ऐकलेले असते तो सर्वांत पुढे आहे. गंमत अशी, की या पुढच्या विषाणूवरच खात्रीची लस आहे. शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रा. ती जुनी आहे, स्वस्त आहे, आणि भारतात मुबलक तयार होते. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ब आणि धनुर्वाताची लस देण्याचे, आणि वर्षातून किमान एकदा त्याची आरोग्य तपासणी करण्याचे दायित्व रुग्णालयावर टाकले आहे. सुया आणि पाती ठेवायला न फुटणारा, न गळणारा डबा हवा, हेही त्याच नियमांत आहे.

हे नियम किती ठिकाणी पाळले जातात? जेथे डबा ठेवलेला असतो तेथे तो काठोकाठ भरून त्यातून सुया बाहेर डोकावत असतात. जेथे लस दिली जाते तेथे ती कायम कर्मचाऱ्यांना मिळते. कंत्राटी कामगाराला पहिली मात्रा मिळाली, तर सहाव्या महिन्यात तिसरी घेण्याआधी ठेका संपलेला असतो. सुई टोचल्यावर औषध शक्य तितक्या लवकर, फार तर बहात्तर तासांच्या आत सुरू करावे लागते आणि ते अठ्ठावीस दिवस चालते. परंतु रात्रपाळीच्या कामगाराने कोणाकडे जायचे, ते औषध कोणत्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सांगितले असले तरी 'निष्काळजीपणाने टोचून घेतली' असा शेरा बसून ठेकेदार उद्या घरी पाठवील या धास्तीने तो जखमेवर पाणी ओतून कामाला लागतो. ही भीती कोणत्याही विषाणूपेक्षा जुनी आहे आणि तिच्यावर प्रयोगशाळेत चाचणी निघालेली नाही.

या सर्व गोष्टींना पैसे लागतात आणि ते व्यवस्थापनाच्या खिशातून जातात. लस, जाड हातमोजे, डोळ्यांवरचे आवरण, पुरेसे डबे, सुई मोडण्याची यंत्रे. शिवाय माणसे, कारण तीस खाटांमागे एकच परिचारिका असेल तर ती घाई करणारच आणि घाईतच सुई टोचते. रुग्णाची तपासणी मात्र व्यवस्थापनाला फुकट पडते, खासगीत तर नफ्यात पडते. मालकाने करावयाचा सुरक्षिततेचा खर्च अशा रीतीने आजारी माणसाच्या बिलात ढकलला जातो आणि वर कामगाराला सांगितले जाते, 'पाहा, तुमच्यासाठी आम्ही केवढे करतो!' गिरणीत यंत्राला कठडा बसवण्याऐवजी कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याकडून दंड वसूल करावा, तसला हा न्याय झाला.

काही रुग्णालयांत याहून पुढची मजल गेलेली आढळते. अहवाल 'पॉझिटिव्ह' आला की शस्त्रक्रिया दिवसाच्या यादीत अगदी शेवटी ढकलली जाते आणि डॉक्टर-परिचारिकांच्या खास पोशाखाचे 'किट' म्हणून वेगळी रक्कम रुग्णाकडून उकळली जाते. हे किट खरोखरच संरक्षणासाठी आवश्यक असेल, तर त्याच मेजावर सकाळी अकरा वाजता झालेल्या, विंडो पीरियडमधल्या एखाद्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेला डॉक्टर काय घालून उभे होते? आवश्यक नसेल, तर पैसे कशाचे? या दुहेरी प्रश्नाचे उत्तर न मिळण्याचे कारण उघड आहे. सर्वांसाठी सारखी काळजी घेण्याचे तत्त्व मान्य केले की ना तपासणीची गरज उरते, ना किटाची, ना शेवटच्या नंबराची.

हे तत्त्व आजकालचे नव्हे. कोणाच्या रक्तात काय आहे हे इतिहास विचारून वा तपासून खात्रीने कळत नाही, तेव्हा प्रत्येकाचे रक्त बाधित आहे असे धरूनच वागावे, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८७ मध्येच सांगितले. त्या वेळी एड्सवरचे उपचार अगदी तोकडे होते, भीती आजच्या शतपट होती, तरीही सरसकट तपासणीचा मार्ग न धरता हा मार्ग धरला गेला. आपल्याकडे जगभरची यंत्रे आणि औषधे सहा महिन्यांत येऊन पोहोचतात; हे एक साधे तत्त्व यायला चार दशके पुरलेली नाहीत.

तपासणीत सापडलेल्या रुग्णाचे पुढे काय होते, याबद्दल मागणी करणाऱ्या कार्यकर्त्यांनी क्वचितच विचार केलेला असतो. त्याला सहसा 'तुम्ही नाकारलात' असे तोंडावर सांगितले जात नाही. 'आमच्याकडे सोय नाही, मोठ्या दवाखान्यात जा,' असे सांगून चिठ्ठी दिली जाते. मोठ्या दवाखान्यात तारीख मिळते. दरम्यान ही बातमी आयाबाईकडून नातलगांकडे, नातलगांकडून गावात गेलेली असते, कारण खाटेच्या डोक्याशी लावलेला लाल खुणेचा कागद वाचायला कोणी पदवीधर असावे लागत नाही. त्या माणसाला जे दुखणे घेऊन आला होता तेही तसेच राहते.

याची भारतातील सर्वांत बोलकी कहाणी गोव्याची आहे. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी घरातून नेले. गुन्हा काय, तर त्याने रक्तदान केले होते आणि त्या रक्ताच्या तपासणीत एच.आय.व्ही. आढळला होता. त्याला कसलाही आजार जाणवत नव्हता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला अलग ठेवण्याची तरतूद होती, तिच्या आधारे त्याला म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात एकट्याला चौसष्ट दिवस कोंडून ठेवण्यात आले. त्याच्या आईने, लूसी डिसोझा यांनी, न्यायालयात दाद मागितली. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने अलग ठेवण्याची ती तरतूद तत्त्वतः वैधच ठरवली. डॉमिनिक १९९२ मध्ये वारला. तत्पूर्वी बाधितांसाठी काम करणारी एक संस्था तो उभी करून गेला. या प्रकरणात रक्ताची तपासणी करणे चूक नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दान केलेले रक्त दुसऱ्याच्या शरीरात जायचे असते, ते तपासलेच पाहिजे. चूक झाली ती तपासणीच्या निकालाचा उपयोग त्या माणसावर उपचार करण्यासाठी न होता त्याला दूर लोटण्यासाठी झाला तेथे. दारावरच्या सक्तीच्या तपासणीचा उपयोग बहुतेक वेळा याच कामी होतो. फक्त पोलिसाऐवजी एक चिठ्ठी येते.

कायदा आता बाधितांच्या बाजूने आहे. एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा संसदेने २०१७ मध्ये संमत केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अंमलात आला. आरोग्यसेवा मिळण्यासाठी एच.आय.व्ही. चाचणीची अट घालणे हा त्यात भेदभाव ठरवला आहे. समजावून सांगून घेतलेल्या संमतीवाचून चाचणी करता येत नाही. ज्या कामगार-कार्यकर्त्यांना हा कायदा केवळ रुग्णांचा वाटतो त्यांनी तो पुढे वाचावा. कामाच्या ठिकाणी लागण होण्याचा धोका असलेल्या प्रत्येक व्यक्तीला सर्वंकष दक्षतेची साधने, प्रशिक्षण आणि सुई टोचल्यानंतरचे औषध देणे हे आरोग्यसंस्थेचे कर्तव्य म्हणून त्याच कायद्यात लिहिले आहे. 'प्रत्येक व्यक्तीला' म्हटले आहे. कायम कर्मचाऱ्याला असे म्हटलेले नाही. रुग्णाचा हक्क आणि कामगाराचा हक्क एकाच कागदावर लिहिलेला असताना दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची करामत व्यवस्थापनाने साधली आहे.

याचा अर्थ तपासणीच नको असा घेणे मूर्खपणाचे होईल. गरोदर स्त्रीची तपासणी वेळेवर झाली तर औषधाने तिच्या बाळाची एच.आय.व्ही.पासून सुटका होऊ शकते, आणि आईला कावीळ ब असल्याचे माहीत असेल तर जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बाळाला लस आणि प्रतिद्रव्यांचे इंजेक्शन देता येते. कावीळ क आता बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरी होते, आणि २०१८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते औषध मोफत आहे. वर्षानुवर्षे लक्षणांविना यकृत पोखरणारा हा रोग एखाद्या हमालाच्या रक्तात आढळला, तर ती त्याच्यावर उपकार करण्याची संधी आहे. मग शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत सापडलेल्या किती रुग्णांना उपचार केंद्राची चिठ्ठी आणि तेथवर नेणारा माणूस मिळतो? 'पॉझिटिव्ह' हा शब्द केसपेपरावर लाल शाईने लिहिला गेला की रुग्णालयाचे त्यातले स्वारस्य संपते. सुई टोचल्यानंतर ज्याचे रक्त होते त्याची संमतीने तपासणी करणेही योग्यच, कारण तिच्यावर जखमी कामगाराचा औषधोपचार ठरतो. या सर्व तपासण्यांत एक गोष्ट समान आहे: त्यांच्या पाठोपाठ उपचार येतो.

येथे कोणी २०२० सालाची आठवण देईल, आणि ती देणे रास्त आहे. कोरोनाचा विषाणू सुईने पसरत नव्हता, श्वासाने पसरत होता. लक्षणे नसलेला माणूसही तो पसरवत होता. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात परिचारिका आणि डॉक्टर इतक्या संख्येने बाधित झाले की ते रुग्णालयच बंद करावे लागले. अशा वेळी दाखल होणाऱ्यांची तपासणी करण्यात तथ्य होते. इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये दाखल होतानाची सरसकट तपासणी २०२२ मध्ये थांबवल्यावर रुग्णालयातच लागण होण्याचे प्रमाण वाढल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, हेही दडवून ठेवण्याचे कारण नाही. उलट अमेरिकेतील रुग्णालयीन साथरोगतज्ज्ञांच्या संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये अशी सरसकट तपासणी नित्याची करू नये असा सल्ला दिला. तज्ज्ञांत मतभेद आहेत. श्वासाने पसरणाऱ्या रोगाच्या ऐन साथीत, अहवाल तासाभरात येत असेल, बाधिताला वेगळी खोली मिळत असेल आणि कोणाचाही उपचार अडत नसेल, तर तपासणीला विरोध करण्याचे कारण नाही.

परंतु २०२० मध्ये येथे घडले ते काय? अहवाल यायला एक-दोन दिवस लागत होते आणि त्या एक-दोन दिवसांत वेणा देणाऱ्या स्त्रिया एका दारातून दुसऱ्या दारात हिंडत होत्या. अहवालाविना गरोदर स्त्रियांना दाखल करून घेतले जात नाही, ही तक्रार मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. चाचणीअभावी प्रसूतीसह कोणताही तातडीचा उपचार लांबवू नये असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मे २०२० मध्ये लिहून दिले होते. जानेवारी २०२२ मध्ये तर लक्षणे नसलेल्यांची केवळ शस्त्रक्रिया वा प्रसूती आहे म्हणून तपासणी करू नये, असेही तिने सांगितले. दारावरच्या खिडकीपर्यंत हे कागद उशिरा पोहोचले किंवा पोहोचलेच नाहीत. आणि दर? मार्च २०२० मध्ये या चाचणीची कमाल किंमत साडेचार हजार रुपये होती. महाराष्ट्र शासनाने जूनमध्ये ती बावीसशेवर आणि ३१ मार्च २०२१ रोजी पाचशेवर आणली. यंत्रे वाढली, साहित्य स्वस्त झाले हे खरे. पण सारी उतरण तेवढ्याने झाली असे मानायला फार भोळेपण लागेल. आधीच्या वर्षभरात उपचाराच्या दारात उभे राहण्यासाठी ज्यांनी ते पैसे मोजले त्यांत रोजगार बुडालेले मजूर होते.

शिवाय ज्या वॉर्डाच्या दारावर ही तपासणी चालली होती त्या वॉर्डाच्या आत काय होते? दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी, गादीवर तिसरा रुग्ण. प्रत्येक रुग्णाबरोबर एक नातलग, रात्री खाटेखाली झोपलेला, कारण पाणी पाजायला, मूत्रपात्र उचलायला आणि औषध आणायला दुसरे कोणी नसते. त्या नातलगाची तपासणी कोणी केली नव्हती. खिडक्या पारव्यांच्या भयाने बंद. ताप अंगात असलेला कंत्राटी कामगार कामावर आलेला, कारण एक दिवसाची गैरहजेरी म्हणजे एक दिवसाची भाकरी. क्षयरोगाचा जंतू विषाणू नव्हे, पण तोही याच हवेतून मुंबईच्या निवासी डॉक्टरांना आणि परिचारिकांना गाठत आलेला आहे, कोरोनाच्या कितीतरी आधीपासून. या वॉर्डात हवा खेळली पाहिजे, खाटा वाढल्या पाहिजेत, पगारी आजारपणाची रजा कंत्राटी माणसालाही मिळाली पाहिजे, आणि हे सर्व सार्वजनिक पैशाने झाले पाहिजे. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सार्वजनिक आरोग्यावर खर्च करण्याचे वचन दिले आणि त्यासाठी २०२५ ही मुदत घालून घेतली. मुदत उलटली, वचन उभेच आहे.

रुग्णालयीन कामगारांच्या मागणीपत्रांत 'सर्व रुग्णांची सक्तीची तपासणी' हे कलम जेथे असेल तेथून ते काढावे लागेल, आणि ते काढताना सभासदांना समजावण्याचे कष्टही घ्यावे लागतील. हे काम सोपे नाही. रात्रपाळी करून आलेल्या आयाबाईला विंडो पीरियडचे गणित पटवणे भाषणाने होत नाही. तिच्या हातात जाड मोजे पडले, तिच्या दंडात लस टोचली गेली आणि सुई लागल्यास औषधाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे तिला कळले, की तिची भीती निम्मी होते. मग बाकीचे ऐकायला तिला सवड मिळते. म्हणून क्रम उलटा धरू नये.

पुढच्या वाटाघाटींना जाणाऱ्या प्रतिनिधींनी व्यवस्थापनाकडे आधी काही आकडे लेखी मागावेत. ठेकेदाराकडील माणसे धरून किती जणांना कावीळ ब लशीची तिसरी मात्रा मिळाली. गेल्या वर्षात सुई टोचल्याच्या किती घटना नोंदवल्या गेल्या आणि त्यांतल्या किती कंत्राटी कामगारांच्या होत्या. त्यांपैकी किती जणांना बहात्तर तासांत औषध मिळाले. 'व्हायरल मार्कर'च्या शीर्षाखाली रुग्णांकडून वर्षात किती रक्कम जमा झाली, तोही आकडा त्याच पत्रात मागावा आणि हातमोज्यांच्या खरेदीच्या आकड्याशेजारी ठेवावा. वीस किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक आरोग्यसंस्थेने २०१७ च्या कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमायचा आहे. त्याचे नाव विचारावे, आणि ते केसपेपरच्या खिडकीवर, रक्त काढण्याच्या खोलीबाहेर आणि कचरा साठवण्याच्या जागेवर मराठीत लिहून लावायला सांगावे.